संगणकीय माहितीच्या राखीव प्रती : चुंबकीय फीत व तबकडी

संगणकात साठविलेली माहिती यंत्रातील बिघाड, मानवी चूक, आग, पूर किंवा घातपात यांमुळे नष्ट अथवा विकृत झाल्यास ती पुन्हा मिळावी म्हणून तिची जी दुसरी प्रत स्वतंत्र माध्यमावर करून ठेवतात, तीस राखीव प्रत असे म्हणतात. व्यवहारात तीस ‘बॅकअप’ हा शब्द रूढ आहे. राखीव प्रतीवरून मूळ माहिती पूर्ववत करण्याच्या क्रियेस पुनःस्थापन म्हणतात. या दोन क्रिया परस्परपूरक असल्या, तरी त्यांच्या वाट्याला येणारे लक्ष सारखे नसते. प्रत करण्याचे काम रोज होते. पुनःस्थापनाचा प्रसंग क्वचित येतो. त्यामुळे प्रत सदोष असल्यास तो दोष बहुधा ऐन संकटाच्या वेळीच उघडकीस येतो. राखीव प्रतींचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा लपलेल्या दोषांचा व ते शोधून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. या इतिहासात दोषाचे स्थान फितीकडून यंत्राकडे, यंत्राकडून संगणक जालाकडे आणि शेवटी आज्ञावली व माणूस यांच्याकडे क्रमाक्रमाने सरकत गेलेले दिसते.

फितीचा उदय : कागदाच्या पट्टीवर लोह ऑक्साइडाच्या चूर्णाचा लेप देऊन ध्वनिमुद्रणासाठी चुंबकीय फीत तयार करण्याची कल्पना फ्रिट्स फ्लॉइमर यांनी जर्मनीत १९२८ मध्ये प्रत्यक्षात आणली. एईजी या कंपनीने या तत्त्वावरील ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात मांडले. संगणकासाठी फितीचा वापर अमेरिकेत सुरू झाला. तेथील जनगणना कार्यालयाला १९५१ मध्ये मिळालेल्या युनिव्हॅक-१ या संगणकाबरोबर ‘युनिसर्व्हो’ ही फीतयंत्रे होती. त्यांची फीत प्लॅस्टिकची नसून निकेलचा मुलामा दिलेल्या फॉस्फर ब्राँझची होती व तिची रुंदी सु. १·२७ सेंमी. होती. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये ७०१ या संगणकासोबत ‘७२६’ हे फीतयंत्र आणले. त्यात प्लॅस्टिकची हलकी फीत वापरलेली होती आणि फीत एकदम सुरू वा बंद करताना तिला हिसका बसून ती तुटू नये म्हणून तिची सैल वेटोळी निर्वात स्तंभांत धरून ठेवण्याची योजना केलेली होती. या फितीवर दर सेंमी. लांबीत सु. ४० अक्षरे मावत. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या मालिकेबरोबर नऊ मार्गांची फीत प्रचारात आली. तिची लेखन घनता आरंभी दर सेंमी.स सु. ३१५ अक्षरे होती. ती १९७३ पर्यंत सु. २,४६० वर पोहोचली.

भारतात मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. देशातील अनेक संस्थांच्या संशोधकांना त्याचा उपयोग करण्याची सोय होती.

आजोबा, पिता व पुत्र : फितीवरील माहिती ओळीनेच वाचावी लागते, मधलीच एखादी नोंद काढून ती जागच्या जागी बदलणे सोयीचे नसते. त्यामुळे त्या काळच्या हिशेबाच्या कामात कालची मुख्य फीत व आजच्या व्यवहारांची फीत ही एकाच वेळी वाचून त्यांवरून नवी मुख्य फीत लिहीत. नवीला पुत्र, कालचीला पिता व परवाचीला आजोबा अशी नावे पडली. पुत्र बिघडला, तर पिता व त्या दिवसाच्या व्यवहारांची फीत यांवरून तो पुन्हा तयार करता येई. राखीव प्रत हे येथे निराळे काम नव्हते. नित्याचे काम करता करता ती आपोआप उरत असे. चुकून जुन्या फितीवर लिहिले जाऊ नये म्हणून रिळाच्या मागे प्लॅस्टिकचे एक कडे बसवीत. कडे काढले की यंत्र त्या फितीवर लिहीत नसे.

आयबीएमच्या सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या पथकाने तयार केलेला व १९५६ मध्ये जाहीर झालेला ‘रॅमॅक’ हा तबकडी-साठा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. कोणतीही नोंद सेकंदाच्या आत गाठता येऊ लागली आणि ती जागच्या जागी बदलताही येऊ लागली. ही सोय मोठी होती. पण तिच्याबरोबर एक संरक्षण नाहीसे झाले. नवी नोंद लिहिली जाताच जुनी नोंद पुसली जाऊ लागली. पित्याची जागाच उरली नाही. तेव्हापासून राखीव प्रत काढणे हे मुद्दाम करावयाचे, वेळ व खर्च लागणारे आणि म्हणूनच टाळले जाऊ शकणारे काम झाले. तबकडीवर चालू काम व फितीवर तिची रात्रीची प्रत ही विभागणी येथून रूढ झाली.

सर्व माहितीची प्रत रोज काढणे परवडत नसल्याने आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रत व इतर दिवशी केवळ बदललेल्या माहितीची वर्धित प्रत ही पद्धत पडली. युनिक्स प्रणालीतील ‘डंप’ या आज्ञावलीत यासाठी शून्य ते नऊ अशा पातळ्या होत्या. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ ही आज्ञावली आली. ‘टार’ या नावाचा पूर्वार्ध टेप या शब्दावरूनच आला आहे. वर्धित प्रतींमुळे फिती वाचतात. मात्र पुनःस्थापनाच्या वेळी साखळीतील प्रत्येक फीत शाबूत असावी लागते. एक दुवा तुटला, तर त्यापुढील प्रतींवरून पूर्ण चित्र उभे राहत नाही.

फीत व यंत्र यांतील दोष : फितीवरील धूळ, लेपाचे सुटलेले कण, कडेची दुमड व वाचक शीर्षावर साचणारा मळ ही वाचनदोषाची जुनी कारणे होत. दोष ओळखण्यासाठी प्रत्येक अक्षरासोबत व प्रत्येक खंडाच्या शेवटी तपासणीचे जादा अंक लिहीत. पुढे दोष केवळ ओळखणारीच नव्हे, तर दुरुस्त करणारी सांकेतिक लेखनपद्धती फीतयंत्रांत वापरात आली. यातून एक विचित्र अडचण निर्माण झाली. यंत्र दोष मुकाट्याने दुरुस्त करते किंवा तोच खंड पुन्हा पुन्हा वाचते. त्यामुळे काम केवळ मंदावते आणि वापरणाऱ्याला बिघाडाची चाहूल लागत नाही. म्हणून दुरुस्त झालेल्या दोषांची संख्या नोंदवून ती वाढत आहे काय, हे पाहणे अनुभवी तंत्रज्ञ आवश्यक मानतात.

दोष फितीत की यंत्रात, हे ठरविण्याची रीत सोपी परंतु शिस्तीची आहे. तीच फीत दुसऱ्या यंत्रात घालून पाहावी व दुसरी फीत त्याच यंत्रात घालून पाहावी. फीत दोन्ही यंत्रांत अडखळली, तर संशय फितीवर येतो. यंत्र प्रत्येक फितीवर अडखळले, तर यंत्रावर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या शोधाचा मूलभूत नियम होय. फीत, केबल व आज्ञावलीची मांडणी ही एकदमच बदलली आणि काम सुरू झाले, तर दोष कोठे होता ते कळत नाही व तो पुन्हा उद्‌भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो.

एक्झाबाइट कंपनीने १९८७ मध्ये आठ मिमी. रुंदीच्या, चित्रमुद्रणाच्या फितीसारख्या फितीवर सु. २ गिगॅबाइटांहून अधिक माहिती साठविणारे यंत्र आणले. त्यात फिरत्या दंडगोलावरील शीर्षे फितीवर तिरकस रेघा लिहीत. सोनी व ह्यूलेट-पॅकार्ड यांची चार मिमी.ची फीतही याच तत्त्वावरील होती. या यंत्रांतील शीर्षांची जुळणी किंचित ढळली, तर यंत्र स्वतः लिहिलेले व्यवस्थित वाचते. परंतु इतर यंत्रांना ते वाचता येत नाही. रोजची तपासणी त्याच यंत्रावर होत असल्याने सर्व काही ठीक दिसते आणि ते यंत्र निकामी झाल्यावर फितींचा संपूर्ण संच निरुपयोगी ठरतो. म्हणून फितीची तपासणी ती न लिहिलेल्या यंत्रावर करावी, असा दंडक पडला.

यंत्र संगणकाला जोडणाऱ्या समांतर ‘स्कझी’ जोडणीचे (मानक १९८६) दोषही तितकेच फसवे होते. एका केबलवरील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र क्रमांक हवा, केबलीच्या दोन्ही टोकांना समापक बसविलेला हवा व एकूण लांबी मर्यादेत हवी. यांपैकी काही चुकले, तरी यंत्र ओळखले जाई, लहान फाइली लिहिल्या जात आणि मध्यरात्री माहितीचा मोठा ओघ सुरू झाल्यावरच काम बंद पडे. अशा वेळी नवीन फिती विकत घेऊनही दोष जात नसे, कारण तो फितीत नव्हताच.

संगणक जाल : १९८० नंतरच्या दशकात कचेऱ्यांतून लहान संगणक व त्यांना जोडणारे ईथरनेट जाल पसरले. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र फीतयंत्र देण्याऐवजी एका मध्यवर्ती संगणकाने जालामार्फत सर्वांच्या प्रती काढाव्यात, ही कल्पना पुढे आली. मेरिलँड विद्यापीठात तयार झालेली ‘अमांडा’, लेगाटो कंपनीची ‘नेटवर्कर’ व आयबीएमची ‘एडीएसएम’ (१९९३) या आज्ञावली या काळातील होत. यांमुळे दोषशोधन मात्र अवघड झाले. माहिती आता मूळ तबकडी, तेथील आज्ञावली, जाल, मध्यवर्ती संगणक, त्याची तबकडी, केबल व फीतयंत्र अशा साखळीतून जाऊ लागली आणि साखळीच्या कोणत्याही कडीतील दोष ‘प्रत अपूर्ण’ या एकाच शेऱ्याने प्रकट होऊ लागला.

सर्वांत वारंवार आढळणारा दोष वेगाच्या विषमतेचा होता. दर सेकंदास १ कोटी द्विमान अंक वाहून नेणाऱ्या मूळच्या ईथरनेटवरून प्रत्यक्षात सेकंदाला सु. १ मेगॅबाइट माहिती जाई; म्हणजे आठ तासांच्या रात्रीत २९ गिगॅबाइटांहून कमी. २००० साली आलेल्या एलटीओ या मानकाच्या पहिल्या फितीवर १०० गिगॅबाइट मावत व तिचे यंत्र सेकंदाला सु. १५ मेगॅबाइट लिही. दहापट वेगाचे जालही त्याला पुरे पडत नसे. जुन्या निर्वात स्तंभांच्या यंत्राप्रमाणे आधुनिक यंत्र चटकन थांबू शकत नाही. माहितीचा ओघ तुटला की फीत पुढे निघून जाते, यंत्र ती मागे घेते व पुन्हा वेग घेते. बुटाला चकाकी आणताना फडके मागेपुढे ओढतात तशी ही क्रिया असते. तीमुळे काम तर मंदावतेच, शिवाय फीत व शीर्ष यांची झीज होते. वरवर पाहता यंत्र मंद झाले असे वाटते. परंतु यंत्र उपाशी असते. यावर दोन उपाय निघाले. पहिल्यात अनेक संगणकांचे ओघ एकत्र गुंफून फितीवर लिहितात. यात प्रत लवकर होते, पण पुनःस्थापनाच्या वेळी एका संगणकाची माहिती वेचून काढण्यास फार वेळ लागतो. दुसऱ्यात माहिती आधी मध्यवर्ती तबकडीवर उतरवून तेथून ती अखंड ओघाने फितीवर नेतात. हा उपाय अधिक टिकाऊ ठरला आहे.

जालातील अन्य दोषांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. जोडणीच्या एका टोकाला दुहेरी व दुसऱ्या टोकाला आळीपाळीने दळणवळण अशी विसंगत मांडणी झाल्यास लहान संदेश बिनचूक पोहोचतात, मात्र मोठा ओघ अडखळतो. चाचणीचा संदेश परत आला म्हणून जाल निर्दोष ठरविणारा तंत्रज्ञ येथे फसतो. संगणकाचे नाव व पत्ता यांचा मेळ न बसणे, वाटेतील संरक्षक यंत्रणेने बराच वेळ शांत राहिलेली जोडणी तोडणे आणि वापरात असलेली फाइल वगळली जाणे, हेही नेहमीचे दोष होत. फितीच्या वेष्टनावर छापलेली मोठी धारणक्षमता ही माहितीचे संकोचन होईल असे गृहीत धरून दिलेली असते; आधीच संकोचित असलेली छायाचित्रे वा चित्रफिती लिहिताना फीत लवकर संपते. हा बिघाड नव्हे.

सूचीचा प्रश्न : कोणती फाइल कोणत्या फितीवर कोठे आहे, याची सूची मध्यवर्ती संगणकाच्या तबकडीवर असते. ती तबकडीच निकामी झाली, तर फिती शाबूत असूनही त्या नावनिशी नसलेल्या ग्रंथांसारख्या होतात; सर्व फिती एकामागून एक वाचून सूची पुन्हा तयार करावी लागते व त्यास कित्येक दिवस लागू शकतात. यासाठी सूचीची प्रत निराळ्या फितीवर घेऊन त्या फितीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत आहे.

अनेक तबकड्यांवर माहिती विभागून एखादी तबकडी बिघडली तरी काम चालू ठेवण्याची ‘रेड’ ही योजना पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी बर्कली येथे १९८८ मध्ये मांडली. ती राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकीने पुसलेली फाइल अशा सर्व तबकड्यांवरून एकाच क्षणी पुसली जाते.

काही उदाहरणे : चंद्रावरील पहिल्या मानवी अवतरणाच्या (१९६९) वेळी नोंदविलेल्या मूळ दूरमापन फितींचा शोध नासाने बराच काळ घेतला. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. फितींच्या टंचाईत त्यांचे ऐतिहासिक मोल कोणी ओळखले नव्हते. याउलट १९६६-६७ मधील ‘ल्यूनर ऑर्बिटर’ यानांच्या फिती जपल्या गेल्या होत्या. पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची यंत्रे दुर्मिळ झाली होती. सांभाळून ठेवलेली जुनी यंत्रे दुरुस्त करून २००८ मध्ये त्यांवरील चित्रे पुन्हा मिळविण्यात यश आले. फीत टिकविणे म्हणजे ती वाचणारे यंत्रही टिकविणे, हे यावरून दिसते.

‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बऱ्याचशा फाइली १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, तेव्हा राखीव प्रती काही काळ नीट निघत नव्हत्या असे आढळले. निर्मितीपथकातील गॅलिन ससमन घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर असलेली प्रत उपयोगी पडली. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चालू माहितीसंग्रह चुकून पुसला गेला. तेथे प्रती घेण्याच्या अनेक योजना होत्या. पण रोजची प्रत काढणारी आज्ञावली माहितीसंग्रहाच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने अयशस्वी होत होती आणि अपयशाची सूचना देणारी पत्रे नाकारली जात होती. सु. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून काम सुरू करावे लागले. सूचना न येणे म्हणजे सर्व ठीक असणे नव्हे, हा यातील धडा होय. म्हणून यशाचीही सूचना रोज यावी व ती न आल्यास चौकशी व्हावी, अशी व्यवस्था सुरक्षित मानतात.

फितीने तारल्याचे उदाहरणही आहे. गूगलच्या टपालसेवेत फेब्रुवारी २०११ मध्ये आज्ञावलीतील दोषाने काही वापरकर्त्यांची पत्रे त्यांच्या तबकड्यांवरील सर्व प्रतींमधून नाहीशी झाली. ती फितींवरून परत आणण्यात आली, कारण फिती जालापासून अलग होत्या. २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीच्या हल्ल्यात मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक कंपनीच्या जालाचे नियंत्रण करणारे संगणक एकमेकांच्या प्रती असूनही एकत्रच नष्ट झाले. घाना येथील एक संगणक वीज गेल्यामुळे जालाबाहेर होता. त्यावरूनच जाल पुन्हा उभे राहिले.

साठवण व पुनःस्थापन-चाचणी : फितीतील बंधक द्रव्य आर्द्रतेने विघटन पावून चिकट होते. दीर्घकालीन साठवणीसाठी एलटीओ फितींस सु. १६° ते २५° से. तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांहून अधिक असल्याने तेथे साध्या कपाटात फिती ठेवणे हितावह नसते. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला, अशा शहरात तळघरातील वा त्याच इमारतीतील प्रतीवर विसंबता येत नाही. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत मोठ्या संख्येने कागदी फायली जळाल्या, तेव्हा दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असण्याचे महत्त्व महाराष्ट्रात सर्वांच्याच प्रत्ययास आले. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक अन्यत्र, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम आज सर्वत्र सांगितला जातो.

२०२१ मधील एलटीओच्या नवव्या पिढीच्या एका फितीवर संकोचनाशिवाय १८ टेराबाइट माहिती मावते; रॅमॅकच्या साठ्याशी तुलना केल्यास ही वाढ कित्येक लाख पटींची आहे. साधने इतकी बदलली, तरी कसोटी बदललेली नाही. ठरावीक मुदतीने एखादी फाइल व वर्षातून निदान एकदा संपूर्ण संगणक राखीव प्रतीवरून निराळ्या यंत्रावर उभा करून पाहावा, त्यास किती वेळ लागला याची नोंद ठेवावी आणि हे काम प्रत काढणाऱ्या व्यक्तीखेरीज अन्य व्यक्तीने लेखी सूचनांच्या आधारे करावे, अशी शिफारस करण्यात येते. या चाचणीत उत्तीर्ण झालेली प्रतच राखीव प्रत म्हणून विश्वासार्ह होय.